बारा पट्ट्यांत न बसणारे सूर

फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडा. १.५ ला १.५ ने गुणा, परत गुणा, परत, असं करत बाराव्या घातापर्यंत जा. उत्तर येतं १२९.७४६. आता २ चा सातवा घात काढा, तो येतो १२८. हे दोन आकडे सारखे असते ना, तर वाद्यं जुळवणाऱ्यांचा निम्मा ताप वाचला असता. पण ते सारखे नाहीत, त्यांच्यात जेमतेम दीड टक्क्याच्या आतला फरक आहे, आणि तो फरक नेमका कुठे दडवायचा यावर माणसं हजारो वर्षं डोकं खाजवतायत. जगातली बहुतेक ट्यूनिंग सिस्टिम, म्हणजे सूर जुळवायच्या पद्धती, याच एका प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि कीबोर्डवरच्या बारा पट्ट्या हे त्यातलं फक्त एक उत्तर.

आता हे १.५ आणि २ आले कुठून ते बघू. समजा सा २४० हर्ट्झचा धरला, म्हणजे सेकंदाला २४० कंपनं. वरचा सा दुप्पट, ४८०. पंचम दीडपट, ३६०. शुद्ध गंधार सव्वापट, ३००. हे आकडे कुणी समिती बसवून ठरवलेले नाहीत. तार छेडली की ती नुसती २४० नेच हलत नाही, तिच्या पोटात ४८०, ७२०, ९६०, १२०० अशी पूर्ण पटीतली कंपनंही चालू असतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. तानपुरा मस्त जुळला की कुणी न छेडलेला एक गंधार त्यातून आपोआप ऐकू यायला लागतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच पाचवा हार्मोनिक.

सा आणि प एकत्र वाजवले की सा चा तिसरा हार्मोनिक ७२० वर आणि प चा दुसरा हार्मोनिकही ७२० वर, दोघं एकमेकांवर बरोबर बसतात आणि कानाला एकदम गुळगुळीत लागतं. गंधाराचं तसंच, सा चा पाचवा १२००, ग चा चौथा १२००. आता तोच ग किंचित वर सरकवा, ३०० च्या जागी ३०२.३८ करा. त्याचा चौथा हार्मोनिक गेला १२०९.५ वर आणि शेजारी सा चा १२०० बसलेला, मग दोघांची झटापट सुरू होते आणि सेकंदाला साडेनऊ वेळा आवाज लहान-मोठा, लहान-मोठा होतो, वांव-वांव-वांव अशी थरथर येते. याला बीट्स म्हणतात. आणि हा ३०२.३८ आकडा मी हवेतून काढला नाहीये बरं का, कुठल्याही साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर सा २४० ला लावला तर शुद्ध ग नेमका तिथेच येतो. म्हणजे आपण सगळे लहानपणापासून चढलेला गंधार ऐकत आलोय आणि आपल्या कानांना तोच सरळ वाटायला लागलाय.

असं का केलं असेल? कारण तो फरक.

फक्त षड्ज-पंचम भावानं सगळे स्वर काढायचे असं ठरवा. सा चा पंचम प. प ला सा मानलं तर त्याचा पंचम येतो रे. रे चा ध, ध चा ग, ग चा नि, नि चा तीव्र म, मग कोमल रे, कोमल ध, कोमल ग, कोमल नि, शुद्ध म, आणि म चा पंचम परत सा. बारा उड्या मारून घरी परत! निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात बारा वेळा दीडपट केलं की १२९.७४६ पट होतं आणि सात सप्तकं वर गेलं की १२८ पट, त्यामुळे जो सा हाती लागतो तो खऱ्या सा पेक्षा थोडा वर असतो. हे कितीही उड्या मारल्या तरी जुळणार नाही, कारण ३ चा कुठलाही घात विषमच येणार आणि २ चा कुठलाही घात समच येणार, मग ते एकमेकांना गाठणार कसे. एवढी साधी गोष्ट आहे.

हे पंचांगासारखं आहे. बारा चांद्र महिने म्हणजे ३५४ दिवस आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं, ते कधीच नीट बसत नाही, म्हणून मधूनमधून अधिक महिना घालावा लागतो. आणि जसं १९ वर्षांत २३५ चांद्र महिने जवळजवळ अचूक बसतात तसंच सुरांतही काही आकडे जवळजवळ बसतात: ५ उड्या बऱ्यापैकी, १२ त्याहून छान, आणि ५३ तर इतक्या छान की फरक शोधावा लागतो. जगभर पाच सुरांच्या आणि बारा सुरांच्या रचना इतक्या ठिकाणी का दिसतात याचं हे एक कारण असू शकतं. ५३ ची गोष्ट पुढे येतेच.

हे फरक मोजायला सेंट नावाचं माप आहे. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकानं १८८५ मध्ये ते रुळवलं. एका सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे कीबोर्डवर एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत १०० सेंट. बारा उड्यांनंतरचा तो फरक आहे २३.५ सेंट, त्याला पायथागोरसचा कॉमा म्हणतात. कान मुरलेला असेल तर पाच-सहा सेंटचा फरकही पकडता येतो, त्यामुळे २३.५ ही काही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही.

आणि हे एकच दुखणं नाही, दुसरंही आहे, आणि खरं तर तेच जास्त छळतं. चार उड्यांनी जो ग मिळतो तो २४० च्या सा ला ३०३.७५ येतो, आणि हार्मोनिकमधला गोड ग ३०० आहे. फरक २१.५ सेंट. म्हणजे पंचम शुद्ध ठेवले तर गंधार कडक होतो, गंधार शुद्ध ठेवला तर कुठेतरी पंचमाचा बळी जातो. दोन्ही एकदम मिळत नाहीत, निदान बारा पट्ट्यांत तरी नाही.

युरोपात मध्ययुगात पंचमाला महत्त्व होतं, तेव्हा पंचम शुद्ध ठेवणारी पायथागोरस पद्धत चालून गेली. पुढे लोकांना सा-ग-प असे एकत्र वाजणारे कॉर्ड आवडायला लागले, मग गंधाराची किंमत वाढली आणि मीनटोन नावाची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक पंचम साधारण साडेपाच सेंटनी मुद्दाम उतरवायचा, म्हणजे चार उड्यांनी येणारा ग अगदी शुद्ध पडतो. ऐकायला फार गोड. पण असे अकरा पंचम उतरवले की उरलेली सगळी चूक बाराव्या पंचमावर जाऊन साचते, तो तब्बल ३५ सेंट चढतो आणि अक्षरशः ओरडतो, म्हणून त्याला 'वुल्फ' हेच नाव पडलं, लांडगा. मग काय करायचं, तर त्या सुरांच्या वाटेलाच जायचं नाही, म्हणजे ठरावीक सूर सा धरून, ठरावीक पट्ट्यांतच गाणी लिहायची. काही कारागिरांनी काळ्या पट्ट्या मधून चिरून दोन केल्या, पुढच्या भागाला एक सूर आणि मागच्या भागाला दुसरा. इटालियन संगीतकार निकोला विचेंतिनो तर १५५५ च्या सुमारास सप्तकाला ३६ पट्ट्या असलेलं वाद्य घेऊन आला. मायक्रोटोनल संगीत, म्हणजे नेहमीच्या बारा सुरांच्या मधले सूर वापरणारं, हे काहीतरी विसाव्या शतकातलं फॅड आहे असं वाटत असेल तर ही तारीख लक्षात ठेवा.

त्यानंतर मधला मार्ग निघाला. आंद्रेआस व्हेर्कमाइस्टर वगैरे मंडळींनी चूक थोडी इथे, थोडी तिथे अशी असमान वाटून दिली. लांडगा गेला, सगळ्या पट्ट्यांत वाजवता यायला लागलं, पण प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा राहिला, कुठे गंधार गोड तर कुठे जरा तिखट. जर्मन संगीतकार बाखचा १७२२ चा 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' हा संग्रह आजच्या सारख्या-सारख्या बारा सुरांसाठीच लिहिला होता असं अजूनही सर्रास सांगितलं जातं, पण वेल-टेम्पर्ड म्हणजे सगळे सूर समान अंतरावर असा अर्थ होत नाही, आणि बाख नेमकं कसं जुळवायचा यावर अभ्यासकांची अजून जुंपलेली असते.

आणि मग आजची पद्धत, टेम्पर्ड स्केल. चूक सगळ्यांना समान वाटा. प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या १.०५९४६३ पट, बारा वेळा केलं की बरोबर दोन. चीनमध्ये मिंग घराण्यातला राजपुत्र झू झाइयू यानं १५८४ मध्ये हे गणित मांडलं, जवळपास त्याच काळात नेदरलँड्सकडे सायमन स्टेव्हिननंही मांडलं. ल्यूटसारख्या पडद्यांच्या वाद्यांवर लोक अंदाजानं असंच काहीतरी आधीपासून करत होते, गॅलिलिओचे वडील विंचेन्झो यांनी पडदे १८:१७ च्या प्रमाणात बसवायचा सल्ला दिला होता, त्यातून येतात ९९ सेंट, म्हणजे जवळजवळ शंभरच. पियानोवर मात्र ही पद्धत खऱ्या अर्थानं काटेकोर व्हायला एकोणिसावं शतक उलटून गेलं. हिशोब असा आहे: पंचम फक्त २ सेंट कमी, ते कळतही नाही, शुद्ध गंधार १४ सेंट जास्त, कोमल गंधार १६ सेंट कमी, आणि सातवा हार्मोनिक, जो कोमल निषादाच्या आसपास येतो, तो तर ३१ सेंट लांब, म्हणजे कीबोर्डवर तो नाहीच असं समजा. बदल्यात काय मिळालं, तर कुठलंही गाणं कुठल्याही पट्टीत तसंच्या तसं वाजवता येतं. हा सौदा वाईट नाहीये. माझी तक्रार एवढीच की हा सौदा आहे हेच लोक विसरले, आणि त्यात न बसणाऱ्या सुराला बेसूर म्हणायला लागले.

गंमत म्हणजे पियानोसुद्धा या गणिताला पूर्ण धरून नसतो. जाड ताठ तारांचे हार्मोनिक बरोबर दुप्पट-तिप्पट न येता थोडे वर सरकतात, म्हणून चांगला ट्यूनर सप्तक किंचित ताणून लावतो आणि अगदी वरच्या टोकाला हा फरक २०-३० सेंटपर्यंतही जातो. गायकांचं तर विचारूच नका. अमेरिकेतले बार्बरशॉप क्वार्टेटवाले, चौघं विनावाद्य गातात ते, कॉर्ड 'कुलूपबंद' होईपर्यंत सूर सरकवत राहतात आणि तो सातवा हार्मोनिक बरोबर पकडतात. म्हणजे बारा सुरांच्या बाहेरचं संगीत रोज कुठे ना कुठे चालूच असतं, फक्त त्याला कुणी मायक्रोटोनल म्हणत नाही.

मग ज्यांना हा सौदा मान्य नाही त्यांनी काय केलं? एक वाट म्हणजे शुद्ध गुणोत्तरांनाच चिकटून राहायचं, याला जस्ट इंटोनेशन म्हणतात. या वाटेवरचा सगळ्यात हट्टी माणूस हॅरी पार्च, अमेरिकन, १९०१ ते १९७४. त्यानं अकराव्या हार्मोनिकपर्यंतची गुणोत्तरं घेऊन सप्तकात ४३ सूर बसवले, आणि हे सूर वाजवणारी वाद्यं बाजारात नाहीत म्हणून स्वतःच बनवली. लाकडी पट्ट्यांची हिऱ्याच्या आकाराची मरिंबा, पायपेटीसारखा जुना रीड ऑर्गन घेऊन तो ४३ सुरांना जुळवलेला, आणि प्रयोगशाळेतल्या मोठ्या काचेच्या बरण्या कापून टांगलेले घंटेसारखे वाडगे. ऐकायला विचित्र वाटतं, पण पाच-दहा मिनिटं धीर धरलात तर कान वळतो.

जस्ट इंटोनेशनची अडचण अशी की सूर जागेवर राहत नाहीत. २४० च्या सा पासून पंचमभावानं चार उड्या वर जा, दोन सप्तकं खाली या, आलात ३०३.७५ वर. आता तिथून शुद्ध गंधाराएवढं अंतर खाली उतरा, म्हणजे १.२५ ने भागा. पोचायला हवं होतं २४० वर, पोचलात २४३ वर. प्रत्येक पाऊल शंभर टक्के शुद्ध, तरी सा हलला! विनावाद्य गाणारं कॉयर (समूहगायकांचा संच) काही कॉर्डच्या फेऱ्यांत हळूहळू वर किंवा खाली सरकतं त्याच्या कारणांपैकी हे एक आहे, दर वेळी गायक कच्चे असतात असं नाही. जिथे तानपुऱ्यासारखा अखंड सा वाजत असतो आणि कॉर्ड बदलत नाहीत तिथे हा त्रास होत नाही, म्हणून एकल रागसंगीताला शुद्ध गुणोत्तरं परवडतात आणि कॉर्डवर उभ्या असलेल्या संगीताला ती महाग पडतात. हा फरक मला सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच कुणी सांगत नाही.

दुसरी वाट म्हणजे समान भागच करायचे पण बाराच कशाला, जास्त करा. पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तो २४ चा, पट्टीचे दोन भाग, क्वार्टर टोन. चेक संगीतकार अलोइस हाबानं यात अख्खा ऑपेरा लिहिला, 'मात्का', १९३१ मध्ये म्युनिकला झाला. अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्हजनं १९२३-२४ मध्ये दोन पियानो घेऊन त्यातला एक ५० सेंटनी सरकवून तीन तुकडे लिहिले, कल्पना सोपी आणि खर्चही कमी. पण नीट बघा, २४ मध्ये जुने १२ सूर जसेच्या तसे आहेत, म्हणजे तो १४ सेंट चढलेला गंधारही तसाच, काही सुधारलं नाही. नवीन मिळालं ते मधले सूर, त्यात अकरावा हार्मोनिक मात्र फार छान बसतो, एका सेंटच्या फरकानं. म्हणून नुसती संख्या दुप्पट करून भागत नाही, कुठल्या आकड्यात काय बसतं ते बघावं लागतं.

१९ भाग केले तर कोमल गंधार जवळजवळ अचूक येतो, पंचम मात्र सात सेंटनी पडतो. ३१ भाग केले तर शुद्ध गंधार एका सेंटच्या आत आणि सातवा हार्मोनिकही सव्वा सेंटच्या आत, पंचम पाच सेंट कमी. ही ३१ ची पद्धत म्हणजे त्या जुन्या मीनटोनचंच बंद झालेलं वर्तुळ, डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगेन्सनं, तोच शनीच्या कड्यांवाला, १६९१ मध्ये ती मांडली आणि त्याच्याच देशातला भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यानं १९५० मध्ये हार्लेमला ३१ सुरांचा खरा पाइप ऑर्गन बांधून घेतला. तो आता अ‍ॅमस्टरडॅमला आहे आणि वाजतो. ५३ भागांत पंचमाची चूक एका सेंटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आणि गंधाराची दीड सेंटच्या आत, पण ५३ पट्ट्या वाजवणार कोण!

वाजवत नाहीत, पण मोजतात. तुर्की संगीताचं आजचं शास्त्र या ५३ भागांतच बोलतं, त्यातल्या एका भागाला तेही कॉमा म्हणतात, पूर्ण स्वराचं अंतर ९ कॉमा, आणि मकाममध्ये, म्हणजे त्यांच्या रागासारख्या रचनेत, कुठला सूर किती कॉमांनी उतरवायचा ते लिहायला वेगवेगळी चिन्हं आहेत. अरब जगात मात्र २४ भागांची मांडणी रूढ झाली, एकोणिसाव्या शतकात मिखाईल मिशाका यानं ती लिहून ठेवली. १९३२ मध्ये कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली, बार्टोक आणि हिंडेमिथसारखे युरोपातले संगीतकार तिकडे गेले होते, आणि हे २४ भाग समान धरायचे का यावर बरीच खडाजंगी झाली. कारण वाजवणाऱ्यांना माहीत होतं की रास्त मकामचा गंधार कैरोत एका जागी लागतो आणि इस्तंबूलमध्ये त्याच्या बराच वर. कागदावर तो ३५० सेंट लिहा हवं तर, हात तिथे जाईलच असं नाही.

इथेच श्रुतींचाही, म्हणजे सप्तकातल्या बारीक सूर-अंतरांचा, विषय येतो, आणि त्याबद्दल इतकं काही बोललं जातं की आधी काय खात्रीचं आहे ते बघू. नाट्यशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्यात आणि षड्जग्रामात, म्हणजे त्या काळच्या एका मूळ सप्तकात, त्यांची वाटणी ४, ३, २, ४, ४, ३, २ अशी सा पासून नि पर्यंत दिली आहे. भरतानं त्यासाठी दोन वीणांचा प्रयोगही सांगितलाय, एक स्थिर ठेवायची आणि दुसरी टप्प्याटप्प्यानं उतरवत न्यायची. पण त्यानं हर्ट्झ किंवा गुणोत्तरं दिलेली नाहीत. आज जे २२ श्रुतींचे तक्ते फिरतात त्यातली गुणोत्तरं नंतरच्या लोकांनी बसवलेली आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी यावर बरंच काम केलं, श्रुती-हार्मोनियमही त्याच प्रयत्नातून आली. या तक्त्यांत श्रुतींची अंतरं समान नसतात, साधारण २२, ७० आणि ९० सेंट अशी तीन मापं येतात. म्हणजे सप्तकाचे २२ समान तुकडे करून त्याला श्रुती म्हणणं चूकच. शिवाय स्वर आपल्या वाट्याच्या शेवटच्या श्रुतीवर बसवायचा का पहिल्या, यावर अख्खं सप्तक बदलतं, शेवटच्या श्रुतीवर बसवला तर काफीसारखं (ग-नि कोमल) सप्तक येतं आणि भातखंड्यांनी पहिल्या श्रुतीवर बसवून बिलावल (सगळे शुद्ध स्वर) काढला.

आणि गाताना? संगीताचे अभ्यासक नझीर जैराझभॉय यांनी १९६० च्या दशकात कलाकारांचे सूर यंत्रावर मोजले तेव्हा फरक फक्त एका कलाकारापासून दुसऱ्यापर्यंत नव्हता, एकाच कलाकाराच्या एकाच सादरीकरणातही एकच स्वर वेगवेगळ्या जागी लागत होता. यात दोष काही नाही. दरबारीचा कोमल गंधार आंदोलित असतो, तो एका आकड्यात पकडणं म्हणजे चालत्या माणसाचा पत्ता विचारणं झालं. तोडीचा रिषभ अतिकोमल हवा म्हणजे किती सेंट हे गुरू सांगत नाही, लावून दाखवतो. माझं स्पष्ट मत, २२ हा आकडा घट्ट धरून प्रत्येक रागाला दशांश चिन्हापर्यंत हर्ट्झ वाटत बसण्यात फार अर्थ नाही, पण हार्मोनियमच्या बारा पट्ट्यांत राग मावत नाही हे म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. अशाच कारणांवरून ऑल इंडिया रेडिओनं १९४० पासून तीसेक वर्षं हार्मोनियमवर बंदी घातली होती.

आत्तापर्यंतचं सगळं एका गोष्टीवर उभं होतं, की हार्मोनिक पूर्ण पटीत असतात. तार आणि हवेच्या नळीला ते लागू आहे. धातूच्या पट्टीला नाही! इंडोनेशियातल्या गामेलान या वाद्यवृंदात मुख्यतः काशाच्या पट्ट्या आणि घंटा, त्यांची आतली कंपनं २ पट, ३ पट अशी येतच नाहीत, त्यामुळे दीडपटीच्या पंचमाला तिथे विशेष मान असायचं कारणच उरत नाही. तिथली स्लेंद्रो ही पद्धत सप्तकाचे साधारण समान पाच भाग करते, पेलोग ही दुसरी पद्धत सात असमान, आणि एका गामेलानचं ट्यूनिंग दुसऱ्याशी जुळत नाही, प्रत्येक संच आपापल्यातच जुळलेला असतो. बालीत तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकांपासून किंचित सरकवून लावतात म्हणजे तीच वांव-वांव थरथर येते, तिला ओंबाक म्हणतात, लाट. ज्या बीट्स घालवायला युरोपवाले चारशे वर्षं झगडले त्या बालीत नसतील तर वाद्यच मेलेलं वाटतं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार देब्युसीनं जावाचं गामेलान ऐकलं आणि तो पार भारावून गेला होता.

ट्यूनिंग आणि वाद्याचा पोत यांचं हे नातं विल्यम सेथारेस या अमेरिकन इंजिनियरनं १९९० च्या दशकात गणितानं नीट मांडलं. त्याचा अर्थ उलटाही लावता येतो, म्हणजे आधी हवं ते विचित्र स्केल ठरवा आणि मग कॉम्प्युटरवर असा आवाज तयार करा ज्याचे हार्मोनिक त्या स्केलवर बसतील, आणि खरंच ते सुरेल लागतं. यातली सगळ्यात अचाट कल्पना बोहलेन-पिअर्स स्केलची, जे हाइन्झ बोहलेननं १९७० च्या दशकात काढलं. त्यात सप्तकच नाही. दुप्पटीऐवजी तिप्पटीचे १३ भाग, प्रत्येक १४६ सेंटचा. क्लॅरिनेटमध्ये विषम हार्मोनिक जोरात असतात म्हणून हे स्केल त्याला शोभतं आणि त्यासाठी खास क्लॅरिनेट बनवलेही गेलेत. अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोसनंही १९८६ च्या 'ब्युटी इन द बीस्ट' अल्बममध्ये ७८ सेंटची पायरी असलेलं अल्फा नावाचं स्केल वापरलं, त्यातही दुप्पट कुठेच बरोबर लागत नाही, पण कॉर्ड इतके स्वच्छ की ते लक्षातही येत नाही.

एक फाटा फोडतो. ४३२ हर्ट्झला लावलेलं संगीत विश्वाच्या स्पंदनांशी जुळतं असं सांगणाऱ्या व्हिडिओंचा या सगळ्याशी काही संबंध नाही. ए हा पाश्चात्त्य संगीतातला जुळवणीचा सूर ४४० ऐवजी ४३२ ला लावला की सगळे सूर ३२ सेंटनी खाली येतात, एकमेकांतलं अंतर तेच राहतं, म्हणजे पट्टी बदलली, ट्यूनिंग सिस्टिम नाही. ४४० हाही १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलेला सोयीचा आकडा आहे, फ्रान्सनं १८५९ मध्ये ४३५ ठरवला होता. त्यात विश्वाची स्पंदनं वगैरे काही नाही.

स्वतः करून बघायचं असेल तर सुरुवात ३१ किंवा ५३ पासून करू नका, गंधारापासून करा. तानपुरा अ‍ॅप लावा, त्यावर कीबोर्डचा शुद्ध ग धरून ठेवा आणि थरथर ऐका, मग तोच ग स्वतः गाऊन किंवा व्हायोलिन-गिटारच्या तारेवर हळूहळू खाली आणत जा, एका जागी थरथर एकदम थांबते. ते १४ सेंट. हे एकदा कानाला कळलं की पुढचं सगळं वाचणं सोपं जातं, आणि नाही कळलं तर पुढचे आकडे नुसतेच आकडे राहतात. मग ऐकायला किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा २०१७ चा 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना' घ्या, जादा पडदे बसवलेल्या गिटारवर केलेला आहे आणि अजिबात जड नाही. तुर्की गिटारवादक तोल्गाहान चोउलू यानं तर प्रत्येक तारेखालचे पडदे सुटे-सुटे सरकवता येतील अशी गिटार बनवली.

कॉम्प्युटरवर सर्ज एक्सटी नावाचा फुकट सिंथ (आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यात स्काला फॉरमॅटच्या, म्हणजे ट्यूनिंगचे आकडे लिहिलेल्या, फाइल टाकल्या की कीबोर्ड हव्या त्या ट्यूनिंगमध्ये जातो, आणि अशा हजारो फाइल नेटवर तयार मिळतात. फक्त एक घोळ होतो जो कुणी आधी सांगत नाही: ३१ चं ट्यूनिंग टाकलं की सा पासून वरचा सा ३१ पट्ट्या लांब जातो, बोटांची सगळी सवय फुकट, आणि ८८ पट्ट्यांच्या अख्ख्या कीबोर्डवर पूर्ण तीन सप्तकंही बसत नाहीत. म्हणून लुमाटोनसारखे षटकोनी पट्ट्यांचे, २८० पट्ट्या असलेले कीबोर्ड निघाले, त्यात सूर आडवे-तिरपे पसरलेले असतात आणि एकाच हाताच्या आकारानं कुठलाही कॉर्ड कुठेही धरता येतो. ते परवडत नसेल तर १९ पासून सुरू करा, निदान ८८ पट्ट्यांत चार सप्तकं तरी हाताखाली राहतात. मेक्सिकोच्या हुलियान कारिल्यो या संगीतकारानं तर पियानोच बनवून घेतले होते, १५ वेगवेगळे, १९५८ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात ते मांडले होते, त्यातल्या एकात पूर्ण स्वराचे सोळा भाग केलेत. त्या पियानोला ९७ पट्ट्या आहेत, दिसायला नेहमीच्या पियानोएवढाच लांब, आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सगळ्या वाजवल्या की होतं बरोबर एक सप्तक.